कुत्र्याचे केस घरी विंचरता? अनुभव लिहा

पाऊस सरून वेताळ टेकडीवरचं गवत वाळलं की आमची राणी अंगभर कुसळं घेऊन घरी येते. मागच्या ऑक्टोबरात मी वरवर ब्रश फिरवला आणि आंघोळ घालून मोकळी झाले. दोन दिवसांनी ती पुढचा पंजा सारखा चाटायला लागली. बोटांच्या बेचक्यात कुसळ कातडीत शिरलं होतं. ओलं-कोरडं होताना कुसळाची शेपटी पीळ सोडते-घेते आणि टोक आत सरकत जातं, हे डॉक्टरांनी ते काढताना सांगितलं. आता टेकडीवरून आलो की आधी फणी, मग पाणी. पंजे, काखा, कान बोटांनी चाचपून घेते. तुमच्याकडे काय करता?

*

कोथरूडला आमचा गोल्डन रिट्रीव्हर. पाठ रेशमासारखी, पण कानामागे नमद्यासारखी जट झालेली कळलीच नाही. तशीच आंघोळ घातली, तर सुकताना ती आणखी आवळली. मग मी कात्री लावली. जटेबरोबर कातडीही वर ओढली जाते हे माहीत नव्हतं. चीर गेली, दोन टाके पडले. त्याचं ते केकाटणं अजून कानात आहे. आता जट मुळाशी चिमटीत धरते, कॉर्नफ्लॉवर चोळते, बोटांनी सुटेल तेवढी सोडवते आणि आधी टोकं, मग थोडं थोडं मुळाकडे सरकत विंचरते. रोज दहा मिनिटं, एका दिवशी एकच बाजू. आणि पट्टा काढूनच, त्याच्याखाली गुंता हमखास.

*

देशीला काय विंचरायचं, असं मीही म्हणायचो. रबरी ब्रशने गोल गोल चोळलं, तर फरशीवर केसांचा थर! पावसाळ्यात रोज, गोचीड बघायला. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, नखाने चिरडायची नाही.

*

शेफर्डवाल्यांनो, उन्हाळ्यात सरसकट मशीन मारू नका. आम्ही एका दुकानात मारून घेतलं, नंतर पाठीवर केस आले ते ठिगळाठिगळांनी. आतली मऊ लव विंचरून काढा; वरचे राठ केस ऊन अडवतात, ते राहू द्या.

*

आमची पॉमेरेनियन १४ वर्षांची. ब्रश दिसला की पलंगाखाली. आई दुपारी मांडीवर घेऊन, तिच्याशी बोलत विंचरते, तेव्हा मात्र डोळे मिटून पडते. दिवाळीआधी पोटावरून फणी फिरवताना आईच्या बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागली. एवढ्या केसांत ती दिसली नसती. लगेच काढून घेतली. टाके सुकेपर्यंत आई नुसताच हात फिरवायची. काल पुन्हा फणी हातात घेतली.