कागद रद्दीत घालू नका राव, आधी स्कॅन करा

वर एकांनी विचारलंय की व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवणं समजू शकतो, पण गेम बनवणाऱ्या कंपनीचे जुने मेमो नि मीटिंगचे कागद कशाला गोळा करायचे. अहो, खरा इतिहास तिथंच असतो! इन्फोकॉमचं बघा, १९७९ला सुरू झालेली अमेरिकन कंपनी, टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर गेम (चित्रं नाहीत, गोष्ट वाचायची नि हुकूम टाइप करून खेळायचं) बनवायची, मग कॉर्नरस्टोन नावाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या नादात पैसा अडकला, १९८६ला अ‍ॅक्टिव्हिजन या दुसऱ्या गेम कंपनीनं विकत घेतली आणि १९८९ला बंदच पडली. तिथला डिझायनर स्टीव्ह मेरेट्झ्की यानं मेमो, डिझाइनची टिपणं, नकाशे सगळं जपलं होतं, जुनं डिजिटल साहित्य जपणाऱ्या जेसन स्कॉटनं ते स्कॅन करून २०१५ला इंटरनेट अर्काइव्ह या फुकट ऑनलाइन संग्रहावर सगळ्यांसाठी टाकलं. तयार गेम खेळून काय बनलं तेवढंच कळतं, काय ठरलं होतं आणि का बारगळलं ते या कागदांतच सापडतं.

आम्ही सांगलीकर, २०१९च्या महापुरात लोकांच्या फायलींचा लगदा झालेला बघितलाय, त्यामुळं मी तरी एकच प्रत एकाच घरात ठेवायच्या पूर्ण विरोधात आहे.

आणि कुणाकडं असे जुने फॅक्स असतील तर ते पहिले स्कॅनला घ्या, थर्मल कागदावरची अक्षरं उडून जातात. गंजलेल्या पिना हळू काढा, लॅमिनेशन अजिबात नको, मागची कोरी वाटणारी बाजू पण स्कॅन करा कारण पेन्सिलीचे शेरे बरेचदा तिथंच असतात. फक्त कामगारांचे पगार, घरचे पत्ते असतील ते झाकूनच नेटवर टाका.