भिवापूरजवळच्या खेड्यात मानसोपचार परिचारिका मिळेल का?

प्रश्न : माझी थोरली बहीण भिवापूर तालुक्यात राहते. नागपुरातील मानसोपचारतज्ज्ञांनी तिची औषधे सुरू केली आहेत, परंतु प्रत्येक तपासणीसाठी नागपूर गाठताना भाऊजींची मजुरी बुडते. औषधे लिहून देणारी प्रशिक्षित परिचारिका जवळपास मिळू शकेल का?

उत्तर : ताई, अमेरिकेतील अनेक राज्यांत अशा परिचारिकांना औषधे लिहून देण्याचा अधिकार आहे, आपल्याकडे मात्र मानसोपचारातील परिचारिका रुग्णाची विचारपूस, औषधांचे दुष्परिणाम आणि कुटुंबाचे समुपदेशन सांभाळते, औषध डॉक्टरच ठरवतात. म्हणून शोध परिचारिकेपुरता न ठेवता जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाचा घ्यावा. हे पथक ग्रामीण रुग्णालयात कोणत्या दिवशी येते, हे तेथे किंवा आशाताईंना विचारावे. बहिणीची जुनी चिठ्ठी जपून ठेवावी, कारण पुढचा निर्णय त्या चिठ्ठीवरच अवलंबून असतो.

उत्तर : १४४१६ हा ‘टेली मानस’ या शासनाच्या दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवेचा निःशुल्क क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १८ नुसार शासकीय खर्चाने चालणाऱ्या सेवेतून उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे, त्यामुळे संकोच न करता मागणी करावी.

उत्तर : मी स्वतः परिचारिका आहे. कृपया बरे वाटले म्हणून गोळ्या परस्पर थांबवू देऊ नका. झोप उडाली किंवा जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा आली, तर पथकाची वाट न पाहता त्याच दिवशी तिला रुग्णालयात न्यावे.

प्रश्नकर्ती : आभारी आहे. ग्रामीण रुग्णालयात उद्याच चौकशी करण्यास भाऊजींना सांगते.