विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, मग रुंदी ९३०० कोटी प्रकाशवर्षं कशी काय?

खाडीकाठ (वेंगुर्ला):
काल मुलीबरोबर विश्वाच्या पसाऱ्यावरची एक डॉक्युमेंटरी बघितली, कॅमेरा पृथ्वीवरून निघून मागे मागे जात राहतो त्या टाइपची. मस्त आहे पण एका ठिकाणी गाडी अडली. आधी म्हणे विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं आणि लगेच दिसणाऱ्या विश्वाचा व्यास ९३०० कोटी प्रकाशवर्षं (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर). प्रकाशापेक्षा जोरात काही जात नाही ना, मग दोन्ही बाजू धरून २७६० कोटीच व्हायला हवं. पोरीने विचारलं आणि मी चहा टाकायला उठलो. कोणी सांगेल का नीट?

तारकर्लीचे तारे:
हिशोब बरोबर आहे हो, पण जागा स्थिर धरली तर. आपल्याला दिसणारा सगळ्यात जुना प्रकाश विश्व साधारण ३.८ लाख वर्षांचं असताना निघाला, आणि तेव्हा ती जागा इथून जेमतेम ४.२ कोटी प्रकाशवर्षांवर होती!! तेवढं यायला त्याला १३८० कोटी वर्षं लागली कारण मधली जागाच ताणत गेली, आणि तो जिथून निघाला ते ठिकाण आज ४६०० कोटींच्या आसपास पोचलंय. त्याचे दुप्पट करा. वेगाचा नियम जागेतून पळणाऱ्याला, जागा स्वतः पसरते तिला तो लागत नाही.

कौलारू:
तोच प्रकाश ताणून ताणून आता डोळ्यांना न दिसणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी झालाय. १९६४ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत पेन्झियस आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनात कुठेही वळवा तरी खरखर, कबुतरांची शीट घासून काढली तरी जाईना, शेवटी ती खरखर म्हणजे हाच प्रकाश निघाला आणि त्यावरच १९७८ चं नोबेल. आपण दूरदर्शनच्या काळात कौलांवर चढून अँटेना फिरवायचो आणि खालून कोणतरी ओरडायचं "मुंग्या आल्या, परत फिरव", त्या मुंग्यांतला थोडा भाग हाच.

खाडीकाठ:
मुंग्यांचं भारीच. पण शेवटी म्युझिक लावून "माणूस म्हणजे धुळीचा कण" सांगतात ते काय पटलं नाही बुवा, शीट पुसता पुसता विश्वाचं बालपण सापडलं त्याला कण काय म्हणता.

घावनप्रेमी:
कण तर कण, आमच्या वाडीतलो खांबावरचो दिवो गणपतीपासून पेटाक नाय, त्याचा काय ता बघा आधी.

तारकर्लीचे तारे:
पेटत नाही तेच बरं. नोव्हेंबरात अमावस्येच्या आसपास रात्री नऊला उत्तरेकडे तोंड करा, शर्मिष्ठा तारकासमूहाच्या इंग्रजी एम आकाराच्या बरंच वर पुसट ढगासारखी देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) दिसेल, २५ लाख प्रकाशवर्षांवर, नुसत्या डोळ्यांनी. फक्त समुद्राकडे बघू नका, होड्यांच्या एलईडीने डोळे दिपले की परत सवय व्हायला वेळ लागतो.