जुनी डिझेल गाडी: सकाळी स्टार्टिंगला त्रास, खाली ऑइलचे डाग, घरच्या घरी कसं शोधायचं?

जुनंइंजिन

नमस्कार मंडळी. गाडी १४ वर्षांची आहे, कॉमन रेल डिझेल (म्हणजे पंप एका सामायिक नळीत, रेलमध्ये, प्रेशर बनवतो आणि तिथून सगळ्या इंजेक्टरना डिझेल जातं), चार सिलिंडर, टर्बो, रनिंग दोन लाख किलोमीटरच्या वर. इंजिन आजवर उघडलेलं नाही, ऑइल-फिल्टर वेळच्या वेळी बदललेत. आता एकदम तीन-चार गोष्टी सुरू झाल्यात आणि कुठून हात घालावा ते कळेना.

सगळ्यात मोठा त्रास सकाळच्या पहिल्या स्टार्टचा. रात्रभर उभी राहिली की बराच वेळ स्टार्टर मारावा लागतो, मग एकदाची घेते, थोडी थरथरते आणि नंतर एकदम नॉर्मल. दिवसभरात कितीही वेळा बंद करा, चावी फिरवली की चालू. दुसरं म्हणजे खाली ऑइलचे डाग पडतायत, इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत साधारण त्या जागी. चढाला पिकअप कमी झालाय आणि जोर दिला की मागे काळा धूर. शिवाय कूलंट हळूहळू कमी होतंय, बाहेर कुठे ओलं दिसत नाही.

गॅरेजवाल्यांनी बोनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि सांगितलं की चारही इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) आणि डिझेल पंप काढावे लागतील, ऑइल इंजिनच्या मागच्या टोकाच्या सीलमधून येतंय त्यामुळे गिअरबॉक्सही उतरवावा लागेल. नुसत्या अंदाजावर एवढं काम काढायला मन तयार होत नाही, गाडी आतापर्यंत फार इमानदारीने चाललीय. माझ्याकडे पान्ह्यांचा सेट, मल्टीमीटर, साधा ब्लूटूथ स्कॅनर, जॅक आणि स्टँड आहेत. स्कॅनरवर कोड एकही नाही. घरी काय काय तपासता येईल?

स्पॅनर_तेरा

इंजेक्टर-पंपाचं नाव एवढ्यात घेऊच नका. तुम्ही लिहिलंय की रात्रभर उभी राहिली तरच त्रास, दिवसभर लगेच स्टार्ट, आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. इंजेक्टर आतून झिजून रिटर्नला (टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनला) जास्त डिझेल सोडत असतील तर त्रास बहुतेक वेळा गरम इंजिनला जास्त होतो कारण गरम डिझेल पातळ होतं आणि रेलमध्ये प्रेशर बनत नाही. तुमचं उलट आहे. माझा संशय हवेवर, म्हणजे रात्रीत कुठूनतरी हवा आत शिरते, लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत जातं आणि सकाळी पंपाला आधी ती हवा खेचून काढावी लागते.

आता गंमत अशी की टाकीत इलेक्ट्रिक पंप नसेल आणि पुढचा पंपच डिझेल खेचत असेल तर टाकीपासून त्या पंपापर्यंतची लाइन खेचणीखाली असते. तिथे बारीक फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे कितीही टॉर्च मारून बघा, थेंब दिसणार नाही. टाकीत पंप असेल तर लाइन प्रेशरखाली असते आणि मग गळती बाहेर दिसते. तेव्हा आधी तुमच्या गाडीत कुठली पद्धत आहे ते बघा.

उद्या सकाळी स्टार्ट करायच्या आधी डिझेल फिल्टरजवळचा हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबा आणि मग चावी फिरवा. पटकन घेतली तर हवाच आहे असं धरून चाला. एखाद्या रात्री गाडी उतारावर नाक खाली करून लावता आली तर तेही करून बघा, पुढचं टोक खाली असलं की डिझेल मागे टाकीकडे जात नाही आणि सकाळी फरक पडतो. स्टार्टर मारताना कोणाला तरी मागे सायलेन्सरकडे बघायला सांगा. धूर अजिबात नाही म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय पण घेत नाही म्हणजे डिझेल जातंय, जळत नाहीये, मग हीटर प्लग (थंड सिलिंडर गरम करणारे), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) वगैरे दिशेने जायचं.

स्कॅनरवर रेल प्रेशर लाइव्ह दिसत असेल तर तेही लावा. बऱ्याच गाड्यांना स्टार्टरवर साधारण २०० बारच्या आसपास प्रेशर आल्याशिवाय कंट्रोलर इंजेक्टर उघडतच नाही. आकडा हळूहळू रांगत वर चढत असेल तर पंपाला डिझेल नीट मिळत नाहीये. त्याचवेळी बॅटरीवर मल्टीमीटर ठेवा, स्टार्टर फिरताना ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग बघा, नाहीतर बाकीच्या टेस्टना अर्थ नाही.

हवा पक्की झाली की फिल्टर आणि पंपाच्या मध्ये डिझेल चालेल असा पारदर्शक पाइपचा तुकडा तात्पुरता घाला. चालू इंजिनला त्यात बुडबुडे पळताना दिसतील. बुडबुडे दिसले की फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला, तोच तुकडा लावा. तिथेही बुडबुडे असतील तर हवा टाकीकडून येतेय, तिथे स्वच्छ असेल तर फिल्टर हाउसिंगच दोषी. हाउसिंगमध्ये बघायच्या जागा म्हणजे झाकणाची ओ-रिंग (रबरी गोल सील), पाण्याचा ड्रेन स्क्रू, खालचा वॉटर सेन्सर आणि प्रायमरच्या आतला व्हॉल्व्ह. फिल्टर बदलताना जुनीच ओ-रिंग परत दाबून बसवलेली असते, हे मी फार वेळा बघितलंय. इंजेक्टरवरचे बारीक रिटर्न पाइपही बोटाने वाकवून बघा, १४ वर्षांत रबर कडक होऊन चिरा पडतात.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. हे सगळं कमी प्रेशरच्या बाजूचं झालं. पंप ते रेल आणि रेल ते इंजेक्टर या लोखंडी पाइपांना चालू इंजिनला हात लावायचा नाही, नट सैल करायचा नाही, गळती बोटाने चाचपायची नाही. तिथे १६०० बार आणि त्याहूनही जास्त प्रेशर जातं, बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो, बाहेर नुसता सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतो आणि आत मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. जुन्या पंपवाल्या डिझेलला नट सैल करून हवा काढायचो, ती सवय इथे चालत नाही.

काळाधूर

वरच्या उत्तराला पूर्ण अनुमोदन. मी ऑइलबद्दल लिहितो कारण गिअरबॉक्स उतरवायचं ऐकून वाईट वाटलं.

ऑइल वर गळतं आणि खाली दिसतं. चालत्या गाडीत हवेने ते मागे पसरतं, म्हणून इंजिनात कुठूनही निघालेलं ऑइल बऱ्याचदा शेवटी मागच्या सीलजवळूनच टपकतं. सील गेलेलं असूही शकतं, पण ते शेवटी ठरवायचं. मळलेल्या इंजिनावर लीकेज सापडत नाही, त्यामुळे आधी धुणं. थंड इंजिनाला डिग्रीझर मारा, ब्रश फिरवा, अल्टरनेटर आणि कनेक्टर प्लास्टिकने झाका, प्रेशर वॉशर लांबच ठेवा, पूर्ण वाळू द्या. मग संशयित जागांवर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि थोडं फिरवून आणा. पावडर जिथे सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढे ओली झाली तिथून लीकेज आहे, बाकी सगळे ओघळ.

तुम्ही सांगताय त्या जागेच्या वर बऱ्याच इंजिनांना हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) टोकाला व्हॅक्यूम पंप असतो. त्याची ओ-रिंग किंवा गॅस्केट गेलं की ऑइल सरळ गिअरबॉक्सच्या घंटीवर (इंजिनला जोडणाऱ्या तोंडावर) उतरतं आणि सगळे म्हणतात मागचं सील गेलं. ती जागा आरसा आणि टॉर्च घेऊन बघाच. मग टॅपेट कव्हरचा (हेडवरच्या झाकणाचा) मागचा कोपरा, टर्बोचा ऑइल रिटर्न पाइप, ऑइल कूलरचं गॅस्केट.

ओलं दिसलं म्हणजे ऑइलच असंही नाही. ऑइलचं लीकेज धूळ धरतं, काळा चिकट थर जमतो. डिझेल जिथे गळतं ती जागा धुतल्यासारखी लख्ख असते आणि वास लपत नाही. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा कडक काळा थर असेल तर तांब्याचा वॉशर गेलाय, थंड इंजिनाला फस् फस् आवाज येतो आणि धुराचा वास केबिनमध्ये येतो.

आणि ब्रीदरचा (इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारा) पाइप जरूर बघा. तो चोंदला की क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागात, प्रेशर वाढतं आणि चांगली सीलंही ऑइल सोडायला लागतात. ब्रीदर तसाच ठेवून नवं सील घातलंत तर थोड्या दिवसांत तेही गळेल.

जुनंइंजिन

दोघांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगत नाही. प्रायमर दाबून बघितलं आणि सकाळी पहिल्या झटक्यात घेतली! टाकीत पंप नाहीये, पुढचाच पंप खेचतो. पारदर्शक पाइप लावला तर फिल्टरच्या पुढे बारीक बुडबुड्यांची रांग, फिल्टरच्या अलीकडे एकदम स्वच्छ. वॉटर सेन्सर काढला तर ओ-रिंग चपटी होऊन एका बाजूला चिरलेली. नवी घातली, डिझेल लावून बसवली, हवा काढली, बुडबुडे बंद. त्यानंतर रोज सकाळी लगेच स्टार्ट होतेय.

इंजिन धुऊन पावडर मारली, व्हॅक्यूम पंपाच्या खाली स्पष्ट ओघळ आला. टॅपेट कव्हर कोरडं, सीलच्या वरचा भागही कोरडा. गॅस्केट मागवलंय. ब्रीदर काढून साफ केला, आत काळा चिखल होता.

आता पिकअप, काळा धूर आणि कूलंट राहिलं.

टर्बोप्रेमी

वा, छान काम केलंत. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. एअर फिल्टर आधी बघा, मग टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा) आणि तिथून इंजिनात जाणारे जाड पाइप. हे पाइप खालच्या बाजूने फाटतात, वरून बघितलं तर नवेच वाटतात. हाताने पिळून फिरवून बघा. आत थोडं ऑइल असणं नॉर्मल आहे, पण बाहेरून क्लॅम्पजवळ ऑइलची ओल दिसली तर हवा तिथूनच जातेय. उभ्या गाडीत नुसती रेस देऊन कळेलच असं नाही कारण लोड नसताना बूस्ट (टर्बोने बनवलेला हवेचा दाब) फारसं बनत नाही, चढावर जोर दिल्यावर फुस्स आवाज येतो का ऐका. पाइप चांगले निघाले तर टर्बोच्या अॅक्च्युएटरला (टर्बोची दांडी हलवणाऱ्या डबीला) जाणाऱ्या बारीक व्हॅक्यूम नळ्या बघा. व्हॅक्यूमवाला व्हेरिएबल टर्बो असेल तर बहुतेक गाड्यांत इंजिन चालू केल्यावर त्याची दांडी खेचली जाते आणि बंद केल्यावर परत येते. हलतच नसेल तर नळी फाटलीय, किंवा डबीतला रबरी पडदा (डायफ्राम) गेलाय, किंवा दांडी कार्बनने जाम आहे.

पाइपांतून ऑइल अक्षरशः वाहत असेल तर मात्र गाडी चालवू नका. टर्बोचं सील गेलं की डिझेल इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळायला लागू शकतं आणि चावी काढली तरी बंद होत नाही. मॅन्युअल गाडी असेल आणि तसं झालंच तर ब्रेक गच्च दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पाडायचं.

कूलंटसाठी वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा, तिथे रंगीत खपली असेल तर पंपाचं सील गेलंय. गाडी गरम असताना तिथे पडलेलं कूलंट वाळून जातं, म्हणून ओल दिसत नाही. तिथे काही नसेल तर थंड इंजिनाला कूलंटचा प्रेशर टेस्टर लावून रात्रभर ठेवा, प्रेशर उतरलं पण बाहेर थेंब नाही तर ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणारा) किंवा हेड गॅस्केटचा संशय. थंड गाडी स्टार्ट केल्यावर लगेचच रेडिएटरचा वरचा होस दगडासारखा कडक होत असेल, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केटकडे बोट जातं. गरम असताना कूलंटचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी.

जुनंइंजिन

इंटरकूलरचा खालचा पाइप सापडला, क्लॅम्पच्या अगदी काठाला उभी चीर, बोट आत जाईल एवढी. वरून खरंच काही दिसत नव्हतं. वॉटर पंपाच्या भोकाखाली हिरवी खपली पण आहे.

वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो आणि बेल्टचे किलोमीटर होतच आलेत, त्यामुळे पंप, बेल्ट, टेन्शनर एकदमच घालायचं ठरवलंय. ते काम टायमिंगच्या टूलशिवाय घरी करणार नाही, गॅरेजलाच देईन. इंजेक्टरना कोणी हात लावायचा नाही हे आधीच सांगून ठेवतो.

स्पॅनर_तेरा

बरोबर ठरवलंत. पंप बदलल्यावर कूलंट सिस्टिममधली हवा नीट काढायला सांगा आणि पहिले काही दिवस थंड असताना लेव्हल बघत राहा. लेव्हल तरीही उतरली तर मग ईजीआर कूलरची टेस्ट करून घ्या.