खोक्यात ठेवलेल्या सेफ्टी बुटांच्या तळाचा भुगा का होतो?

साइटवरचा :
मी रत्नागिरी जिल्ह्यात बांधकामावर देखरेखीचे काम करतो. बोटांच्या रक्षणासाठी पुढे पोलादी टोपी असलेल्या चामडी बुटांच्या माझ्याकडे दोन जोड्या आहेत. रोजच्या जोडीला, टोपीच्या लगेच मागे जिथे पाऊल वाकते तिथे, आडव्या भेगा पडू लागल्या आहेत, आणि सिमेंटचे पांढरट पुट कितीही पुसले तरी वाळल्यावर पुन्हा दिसते. दुसरी जोडी अडीअडचणीला असावी म्हणून खोक्यात जपून ठेवली होती. ती यंदा पावसाच्या तोंडावर काढली, तर चामड्यावर हिरवट बुरा आला होता आणि चार पावले टाकताच तळाचे काळे तुकडे फरशीवर पडू लागले. वापरलेली जोडी शाबूत आणि न वापरलेली वाया, असे का व्हावे? दुकानदार सांगतात की तेल लावत जा. कोणते तेल लावावे, आणि नवा तळ बसवून मिळतो का?

रबर-प्लास्टिक :
तळापुरते उत्तर देतो. बहुतेक सेफ्टी बुटांचा तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे बोलीभाषेतल्या पीयूचा असतो, आणि त्यातही पॉलिएस्टर जातीचा पीयू सर्रास वापरतात, कारण तो हलका असून झिजेला आणि तेलाला चांगला टिकतो. त्याचे वैर पाण्याशी आहे. हवेतली ओल आत शिरून रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते; त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवते. कोकणातली दमट उष्ण हवा या क्रियेला फारच मानवते. रोजच्या जोडीतही हेच चालू असते, पण तिचा तळ त्याआधीच झिजून बूट बाद होतो, म्हणून ते आपल्या लक्षात येत नाही. तेव्हा राखीव जोडी वर्षानुवर्षे साठवू नये, आणि खरेदी करताना बुटावर छापलेला उत्पादनाचा महिना व वर्ष अवश्य पाहावे. सवलतीत मिळणारा माल पुष्कळदा गोदामातच म्हातारा झालेला असतो.

कमावलेले चामडे :
भेगांचे मूळ सिमेंटमध्ये आहे. क्रोमने कमावलेले चामडे किंचित आम्लधर्मी असते, तर ओल्या सिमेंटचा सामू 12 च्या वर जातो. हा अल्क चामड्यातली चरबी ओढून घेतो, तंतू कोरडे पडतात, आणि पोलादी टोपीच्या टणक कडेवर तीच घडी दिवसभर मोडत राहिल्याने भेग नेमकी तिथे पडते. त्यामुळे तेलाआधी सफाई महत्त्वाची आहे. संध्याकाळी नाड्या सोडून, जिभेच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतली रेती ब्रशने झाडावी आणि ओल्या फडक्याने सिमेंट पुसावे. वाळलेल्या पुटावर पाण्यात मिसळलेला थोडा व्हिनेगर फिरवून पुन्हा साध्या पाण्याने पुसावे. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून बूट पंख्याखाली वाळवावेत. चुलीजवळ, सायलेन्सरवर किंवा कडक उन्हात ओले चामडे ठेवले तर ते आकसते आणि कायमचे कडक होते.

तेल थोडे, आणि चामडे जवळजवळ वाळल्यावरच लावावे. मेणमिश्रित बूट-ग्रीस सर्वांत बरे. खोबरेल फार चोपडले तर चामडे ढिले पडते आणि साइटवरची सगळी धूळ त्यावर बसते. मात्र आपल्या बुटांचा पृष्ठभाग प्लास्टिकसारखा तुकतुकीत असून त्याचे पापुद्रे निघत असतील, तर ते लेप दिलेले दुय्यम चामडे आहे आणि त्यात कोणतेही तेल मुरणार नाही. आरपार गेलेली भेग तर कशानेच सांधत नाही.

जुना फिटर :
बुऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही. तो घरात झाडू नये, बाहेर नेऊन कोरड्या ब्रशने काढावा, मग स्पिरिटच्या बोळ्याने आतूनबाहेरून पुसून बूट सावलीत, हवेशीर जागी ठेवावेत. बंद खोके आणि प्लास्टिकची पिशवी या दोन्ही गोष्टी पावसाळ्यात टाळाव्यात. जमल्यास दोन्ही जोड्या आलटून पालटून घालाव्यात, कारण घामाने भिजलेले अस्तर एका रात्रीत पुरते वाळत नाही.

साइटवरचा :
आभारी आहे. पापुद्रे निघत नाहीत, भेगाही वरवरच्या आहेत. तळाचे काय करावे?

जुना फिटर :
आपला तळ साच्यात ओतून थेट चामड्याला चिकटवलेला असणार, त्यामुळे चर्मकाराकडे शिवून बदलता येत नाही. वर रबर चिकटवून देणारे भेटतात, पण खालचा पीयूच भुसभुशीत झाल्यावर चिकटवलेले धरणार कशाला? ती जोडी टाकून द्यावी. वेल्ट शिवणीचे, म्हणजे कडेच्या पट्टीला तळ शिवलेले, रबरी तळाचे बूट महाग आणि जड असतात, पण त्यांचा तळ बदलता येतो. मात्र आयएस 15298 या भारतीय मानकाप्रमाणे पोलादी टोपी 200 जूल, म्हणजे साधारण एक मीटरवरून पडलेल्या 20 किलो वजनाचा आघात सोसण्यासाठी असते; असा जबर मार एकदा बसला, की चामडे कितीही धडधाकट दिसले तरी तो बूट कामावर घालू नये.