पावसाळ्यात कूलिंग टॉवरचं पाणी ३१ च्या खाली येतच नाही, चिलर घ्यावा का?

भोसरीकर:
नमस्कार मंडळी, आमचं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे, ६ मशीन, गच्चीवर मशीनचं पाणी गार करणारा, बाटलीच्या आकाराचा गोल एफआरपी (फायबरचा) टॉवर. फॅनला थर्मोस्टॅट आहे, २८ वर सेट केलेला. हिवाळ्यात फॅन दोन-दोन मिनिटाला चालू-बंद व्हायचा, त्यात एक कॉन्टॅक्टर (फॅन चालू-बंद करणारा स्विच) पण जळाला. आता पावसाळ्यात उलटंच, रात्रंदिवस फिरतोय तरी पाणी ३१, दुपारी ऑइल टेंपरेचरचा अलार्म हमखास वाजतो आणि मालक माझ्याकडे बघतात. मे महिन्यात एवढ्या उन्हात २७ मिळत होतं, हे काय गौडबंगाल आहे? सप्लायर म्हणतो चिलर, म्हणजे फ्रीजसारखं पाणी गार करणारं मशीन, घ्या. व्हॉल्व्ह दाबून पाणी कमी सोडलं तर जास्त थंड होईल का?

जुना फिटर:
व्हॉल्व्ह अजिबात दाबू नका दादा. वरचा स्प्रिंकलर पाण्याच्या जोरावरच फिरतो, जोर कमी झाला की तो थांबणार, पाणी एकाच बाजूला पडणार आणि बाकीची फिल (पाणी पसरवणारी आतली जाळी) कोरडी.
आणि गौडबंगाल काही नाही. टॉवर पाणी वाफ करून थंड करतो, त्यामुळे हवा किती गरम यापेक्षा किती दमट हे महत्त्वाचं. मे मध्ये आपल्याकडे हवा कोरडी, जुलैत ओलीचिंब. साध्या थर्मामीटरच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळून टेबल फॅनसमोर धरा, जो आकडा येईल तो वेट बल्ब. त्याच्या खाली पाणी जाणार नाही, काय वाट्टेल ते सेट करा. धड टॉवर त्याच्यापेक्षा ३-४ डिग्री वर पाणी देतो, त्याहून जास्त फरक असेल तर टॉवर आजारी आहे, चिलरचं नंतर बघू.

महाडवाला:
+१. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात २८ सेट करणं म्हणजे चेष्टाच.
हिवाळ्याच्या प्रॉब्लेमला व्हीएफडी (फॅनचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) लावा. फॅन ४० हर्ट्झवर आणला तरी पॉवर जवळपास निम्मी होते. सेन्सर पंपाच्या सक्शनजवळ ठेवा, पडणाऱ्या पाण्याखाली नको, नाहीतर रीडिंग नाचत राहतं. फॅनला गिअरबॉक्स असेल तर हर्ट्झ फार खाली नेऊ नका, ऑइल वर चढत नाही.

जुना फिटर:
३ एचपीच्या फॅनला व्हीएफडी कशाला हो, थर्मोस्टॅटचा डिफरन्शियल वाढवा, २६ ला बंद ३० ला चालू, कॉन्टॅक्टर वाचला. पैसे जास्त असतील तर वेगळं.

महाडवाला:
मोल्डला ४ डिग्रीचे हेलकावे चालणार का पण? पार्टचं माप बदलतं, रिजेक्शन मोजा मग बोला 😀

भोसरीकर:
चिंधी लावून बघितली, २५ आलं. म्हणजे फरक ६ चा! आज रविवारी टॉवर उघडला तर स्प्रिंकलरची निम्मी भोकं बुजलेली आणि फिलवर पांढरा थर, नखाने निघेना. डिस्केलिंग करून चालू केला, आता २८.५ वर आहे, अलार्म नाही. पाणी बोअरचं आहे, वाफ होते आणि क्षार मागे राहतात, म्हणून ब्लीडचा (खारं झालेलं पाणी थोडं बाहेर सोडायचा) व्हॉल्व्ह शोधायला गेलो तर तो बंद, आणि बंद असतानाच त्याच्यावर कोणीतरी ऑइल पेंट मारून ठेवलाय.