आज मूल शाळेत का आले नाही? – अनुभव धागा

शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेची चर्चा आपल्याकडे बहुधा एखादी भयंकर घटना घडल्यावरच सुरू होते. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याची घटना उघडकीस आली, तेव्हा सीसीटीव्ही, तक्रारपेट्या, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायच्या सखी सावित्री समित्या यांविषयी राज्यभर पुन्हा आदेश निघाले. काही महिने सर्वत्र तेच बोलले गेले आणि पुढे कित्येक शाळांतील तक्रारपेटी कुलूप लावून भिंतीवर तशीच टांगलेली राहिली. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही; पण मुलाच्या बाबतीत काहीतरी बिघडते आहे, हे कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी हजेरीपत्रकात दिसू लागते, असे माझे मत आहे. ज्या मुलाला घरी, वाटेवर किंवा वर्गात त्रास होत असतो, ते तो त्रास सांगत नाही. त्याचे पोट दुखू लागते आणि शाळेला खाडे पडू लागतात.

याच अंगाने अनुभव लिहावेत, ही विनंती. मूल का येत नव्हते, ते कोणाच्या आणि कसे लक्षात आले आणि पुढे काय झाले, एवढे पुरे आहे. शाळेचे नाव लिहू नये आणि मुलाची ओळख पटेल असा तपशील तर अजिबात देऊ नये.

जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, बीड जिल्हा

आमच्या भागात मूल शाळेत का आले नाही, याचे उत्तर सगळ्या गावाला ठाऊक असते. दिवाळी झाली, कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला निघतात आणि ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हिशोबात मूल कुठेच नसते; मात्र ते सोबत गेले की आपोआप कामाला लागते. आई-बाप पहाटे उसाच्या फडात गेले की कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळायचे, पाणी आणायचे आणि जरा मोठे झाले की वाढे (उसाच्या शेंड्याचा हिरवा पाला) गोळा करायचे. परत आलेल्या मुलांच्या हातांवर पाचटाने कापल्याचे बारीक बारीक ओरखडे असतात आणि वाचन दिवाळीपूर्वी होते त्याच्याही मागे गेलेले असते.

यावर कागदोपत्री बरेच उपाय आहेत. जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी पत्रक द्यायचे, म्हणजे ते जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला सामावून घ्यायचे. मूल शाळेबाहेर पडू नये म्हणून 2017 पासून बालरक्षक म्हणून काम करणारे शिक्षकही आहेत. माझ्या अनुभवात यांपैकी खरा उपयोगी पडला तो हंगामी वसतिगृहाचा मार्ग, कारण त्यात मुलाला गावातच ठेवता येते. मूल रात्री आजी-आजोबांकडे झोपते आणि दोन्ही वेळचे जेवण त्याला शाळेकडून मिळते. तथापि वसतिगृह मंजूर आहे एवढ्याने कोणी मूल मागे ठेवत नाही. गाड्या भरायच्या आधी, साधारण दसऱ्याच्या सुमारास, घरोघरी जाऊन बसावे लागते, आणि बोलणे बापाशी कमी व आजीशी जास्त करावे लागते. कारण सहा महिने जबाबदारी तिच्यावर पडणार असते आणि ती “मला झेपत न्हाई, गुरुजी” म्हणाली की विषय संपतो.

मुलींच्या बाबतीत अडचण निराळी असते. बारा-तेरा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या माणसांच्या भरवशावर मागे ठेवायला आई घाबरते आणि कोपीवर न्यायलाही घाबरते. या दोन्ही भीतींवरचा तोडगा म्हणून मुलीचे लग्न उरकले जाते. म्हणून आठवीतील मुलगी दिवाळीनंतर दिसली नाही, तर ती ऊसतोडीलाच गेली असेल असे गृहीत धरून आम्ही थांबत नाही. त्याच आठवड्यात तिच्या घरी जातो. एका मुलीच्या बाबतीत घरी पोचलो तेव्हा सोयरीक ठरत आली होती. ग्रामसेवक हे बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, हे वडिलांना शांतपणे सांगितले, आजीच्या सोबतीला मुलीच्या मावशीला आणण्याची व्यवस्था झाली आणि मुलगी वर्गात परत आली. कायद्याचा धाक पाव भाग उपयोगी पडला. बाकीचे काम मावशीने केले.

आश्रमशाळेतील अधीक्षिका, नंदुरबार जिल्हा

निवासी शाळेतही गैरहजेरी असते, हे बाहेरच्यांना पटत नाही. मूल आवारात असते, पण वर्गात नसते. आमच्याकडे एक मुलगा दर थंडीत अंथरुणातून उठायचा नाही, हातपाय दुखतात म्हणायचा, आणि दोन दिवसांनी पुन्हा खेळताना दिसायचा. साहजिकच तो ढोंगी ठरला होता. शिक्षा म्हणून त्याला सकाळी सगळ्यांबरोबर गार पाण्याने आंघोळ करायला लावत, आणि त्यानंतर त्याचे दुखणे हमखास वाढे.

आरोग्य तपासणी पथकाने रक्त तपासले तेव्हा सिकलसेल निघाला. या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, शरीरातले पाणी कमी होणे, ताप आणि अति श्रम यांनी हे दुखणे चाळवते, म्हणजे आम्ही ज्याला शिस्त म्हणत होतो तेच नेमके त्याच्या दुखण्याचे कारण होते. सातपुड्याच्या पट्ट्यात आणि विदर्भातील आदिवासी समाजात हा आजार पुष्कळ आढळतो. जुलै 2023 पासून त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय अभियानही सुरू आहे. पण वर्गशिक्षकाला त्याची लक्षणे ठाऊक नसतील तर अभियान त्या मुलाच्या खाटेपर्यंत पोहोचत नाही.

त्यानंतर जे बदल केले ते अगदी साधे आहेत. त्या मुलाला गरम पाणी, पांघरायला जास्तीचे ब्लँकेट, खेळाच्या तासाआधी व नंतर भरपूर पाणी आणि लघवीला जाण्यासाठी कधीही परवानगी, कारण पाणी जास्त प्यायचे म्हणजे जावेही जास्त लागणार. गोळ्यांची वेळ माझ्या वहीत लिहिलेली असते. ताप आला की वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात न्यायचे, हे रात्रीच्या पहारेकऱ्यालाही सांगून ठेवले आहे. त्याचे खाडे थांबले नाहीत, पण कमी झाले, आणि मुख्य म्हणजे आता तो दुखायला लागल्याबरोबर सांगतो, पूर्वी लपवायचा.

निवृत्त मुख्याध्यापक, सोलापूर जिल्हा

हजेरी आणि पोट यांचा संबंध सरकारने ओळखला तो 15 ऑगस्ट 1995 रोजी, शालेय पोषण आहार योजना सुरू करून. पण आरंभी पद्धत अशी होती की महिन्याला 80 टक्के हजेरी असलेल्या मुलाला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळे. या नियमाने हजेरीपत्रकात हजेरी वाढली, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. तांदळाच्या आशेने घरी आजारी असलेले मूलही पिशवी घेऊन येई आणि कोणत्या शिक्षकाला 78 टक्क्यांवर एखाद्याचा तांदूळ तोडवेल? सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे हळूहळू सर्वत्र सुरू झाले, तेव्हा चित्र पालटले, कारण शिजवलेला भात जेवायला मूल स्वतः यावे लागते.

मला मात्र वेगळीच गोष्ट सांगायची आहे. कोणते मूल खरोखर उपाशी येते, कोण अर्धे जेवण डब्यात भरून धाकट्या बहिणीसाठी नेते, कोणाची भूक अचानक मेली आहे, हे वर्गशिक्षकाच्या आधी खिचडी वाढणाऱ्या मावशींना कळते. आमच्या शाळेत मी त्यांना शालेय व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसवत असे. काही सदस्यांना ते रुचत नव्हते. एकदा या मावशींनीच सांगितले की अमुक मुलगी सोमवारी दोन वेळा वाढून घेते आणि इतर दिवशी नाही; चौकशी केली तेव्हा आठवड्याच्या बाजारात हमाली करणारे वडील रविवारी दारू पिऊन येत आणि त्या रात्री घरात चूल पेटत नसे, असे समजले. तिची सोमवारची हजेरी मात्र पूर्ण होती. म्हणजे धागाप्रवर्तकांच्या म्हणण्याला एवढी पुस्ती जोडतो की कधी कधी न चुकता येणाऱ्या मुलाकडेही पाहावे लागते.

माध्यमिक शिक्षिका, तालुक्याचे गाव, विदर्भ

आठवी ते दहावीच्या मुलींचे महिन्यातले ठरावीक तीन-चार दिवसांचे खाडे आम्हा शिक्षिकांना दिसत होते. 2018 मध्ये अस्मिता योजनेतून पाच रुपयांत आठ पॅडचे पाकीट मिळू लागले, तेव्हा प्रश्न सुटला असे सर्वांना वाटले. खाडे तसेच राहिले. मुलींनाच कागदावर नाव न लिहिता कारण लिहायला सांगितले, तर बहुतेक चिठ्ठ्यांत पॅडचा उल्लेखच नव्हता. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही, हे लिहिलेले होते. मैत्रिणीने बाहेर दार धरून उभे राहायचे, आणि ती मैत्रीण गैरहजर असेल तर आपणही यायचे नाही, असा त्यांचा आपापसातला नियमच झाला होता. कडी, बादली, मग आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा एवढे आणले. पाण्याची टाकी रोज भरण्याची जबाबदारी शिपाई मामांकडे दिली, तीही लेखी, म्हणजे सुट्टीवर गेले तर दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल.

पालक, मुंबई

आमच्याकडे प्रश्न झोपेचा आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासन निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये निघाला आणि तो योग्यच आहे. पण एकाच इमारतीत दोन सत्रे भरणाऱ्या शाळांनी दुसरे सत्र न्यायचे कुठे? व्हॅन पावणेसातला येते. मुलगा तिच्यात झोपतो आणि त्याची हजेरी शंभर टक्के आहे.

व्हॅनचा विषय निघालाच आहे म्हणून लिहिते. शालेय बसविषयीच्या राज्याच्या 2011 च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते आणि तीत पालकांचा प्रतिनिधीही असतो. आपल्या शाळेत तो प्रतिनिधी कोण, हे पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर विचारून पाहा.

शालेय समुपदेशक, पुणे

हा अनुभव लिहावा की नाही याचा बराच विचार केला. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

प्राथमिक वर्गातील एक मूल आठवड्यातून एखाददुसरा दिवस येत नसे. कारण दर वेळी पोटदुखी, डॉक्टरांच्या तपासणीत काहीही नाही. वर्गशिक्षिकेने दोन महिन्यांचे खाडे कॅलेंडरवर खुणा करून मला दाखवले, तेव्हा ते ठरावीक वारी येत असल्याचे दिसले. त्या वारी मुलाला शाळेत आणायला नेहमीपेक्षा वेगळी व्यक्ती येत असे. आम्ही मुलाला थेट काहीही विचारले नाही, कारण “त्याने तुला काही केले का?” असा प्रश्न विचारला की मूल एक तर घाबरून नाही म्हणते किंवा आपल्याला हवे ते उत्तर देते. चित्र काढता काढता “शाळेत येताना तुला काय आवडतं, काय नाही?” एवढेच विचारले. ते जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतले.

पुढचा मुद्दा सर्व शिक्षकांनी लक्षात ठेवावा. पोक्सो हा मुलांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणारा 2012 चा कायदा आहे आणि त्याच्या कलम 19 प्रमाणे अशा अपराधाची माहिती किंवा नुसती रास्त शंका असली तरी पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. “आधी शाळेत चौकशी समिती नेमू, मग पाहू” ही सवलत कायदा देत नाही. शाळेच्या नावाची काळजी करणारे सूर उठलेच. पण वर्गशिक्षिका ठाम राहिल्या. मुलाचा जबाब त्याच्या घरी, आईच्या शेजारी बसून, साध्या वेषातील महिला अधिकाऱ्यांनी घेतला, कारण कायद्यातच तशी तरतूद आहे. मुलाला पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागणार नाही, हे समजल्यावर पालकांचा अर्धा विरोध तिथेच मावळला. ज्यांना कोणाशी बोलावे हे सुचत नाही त्यांच्यासाठी 1098 हा बालकांच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे आणि मुलाच्या वा स्वतःच्या मानसिक ताणासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416.

पालक, इंग्लंड

येथे मूल आले नाही आणि घरून निरोपही नसेल, तर त्याच सकाळी शाळेचा फोन येतो. पहिल्यांदा तो आला तेव्हा मला राग आला होता. आता तो आला नाही तर काळजी वाटेल. दुसरी बाजूही सांगतो. विनापरवाना पाच दिवसांचे खाडे झाले की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट 2024 पासून हा दंड प्रत्येक पालकाला प्रत्येक मुलामागे 80 पौंड आहे आणि 21 दिवसांत न भरल्यास 160. आजी आजारी असल्याने सत्राच्या मध्यात साताऱ्याला जायचे ठरवले तेव्हा मुख्याध्यापिकेशी दीर्घ पत्रव्यवहार करावा लागला. दंडामुळे सहली थांबत असतील. पण ज्या मुलाला शाळेत यायचीच भीती वाटते, त्याच्या आईला दंड करून काय साधते, हे मला समजलेले नाही. आपल्याकडे यातला सकाळचा फोन आणावा, दंड आणू नये.

बीड जिल्ह्यातील शिक्षक (वरील पालकांना)

दंडाविषयी सहमत आहे. आमच्याकडे तो लावला तर बाप तेवढी उचल मुकादमाकडून वाढवून घेईल आणि पुढच्या हंगामात मुलालाही फडात उभे करील. सकाळच्या फोनचे मात्र करून पाहिले आहे. पालकांचे क्रमांक सारखे बदलतात आणि फडात रेंज नसते, म्हणून प्रवेशाच्या वेळी शेजाऱ्याचा आणि किराणा दुकानदाराचा असे दोन जादा क्रमांक लिहून घेतो. परिपाठ संपेपर्यंत हजेरी पूर्ण होते. जी दोन-चार मुले नसतात त्यांच्या आळीतील मोठ्या मुलाला मधल्या सुट्टीत विचारतो, उत्तर समाधानकारक नसेल तर दुकानदाराला फोन लावतो, आणि तरीही काही कळले नाही तर शाळा सुटल्यावर गाडी त्या वस्तीकडे वळवतो.